पैसा पोहोचतो, माणूस अडतो

२१ फेब्रुवारी २०२३ रोजी भारताची यूपीआय आणि सिंगापूरची पेनाऊ या दोन यंत्रणा जोडल्या गेल्या. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास आणि सिंगापूरच्या नाणेविषयक प्राधिकरणाचे प्रमुख रवी मेनन यांनी मोबाइलवरून व्यवहार करून दाखवले. सुरुवातीला दिवसाची मर्यादा साठ हजार रुपये, म्हणजे साधारण हजार सिंगापूर डॉलर होती. सिंगापुरात नोकरी करणारा मुलगा तेव्हापासून डोंबिवलीतल्या आईच्या खात्यात बसल्या जागी पैसे टाकू शकतो. पण त्याच मुलाला भारतात स्वतःचं नवं एनआरई, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, खातं उघडायचं असेल तर बहुतेक वेळा वेगळाच खटाटोप करावा लागतो. पासपोर्ट, व्हिसा आणि पत्त्याच्या पुराव्याच्या प्रती काढायच्या, त्या नोटरीकडून, भारतीय वकिलातीतून किंवा भारतीय बँकेच्या तिथल्या शाखेतून साक्षांकित करून घ्यायच्या आणि कुरिअरने भारतात धाडायच्या. फॉर्मवरची सही पासपोर्टवरच्या सहीशी जुळली नाही, तर सगळं पुन्हा.

ही अडचण थोड्याथोडक्यांची नाही. जागतिक बँकेच्या अंदाजाने २०२४ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी मायदेशी १२९ अब्ज डॉलर पाठवले. जगात दुसऱ्या कुठल्याही देशात इतका पैसा या वाटेने येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार त्यातला सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला आणि १९.७ टक्क्यांसह केरळ दुसरं राहिलं. आखातातला रत्नागिरीचा फिटर, न्यू जर्सीतली पुण्याची प्रोग्रामर, म्युनिकमधला नाशिकचा इंजिनिअर, या सगळ्यांचं निदान एक बँक खातं ते राहतात त्या देशाबाहेर असतं. तिथे त्यांना ऑनलाइन पद्धतीने वारंवार सिद्ध करावं लागतं की मी मीच आहे.

याला तंत्रज्ञान अपुरं पडतं असं मला वाटत नाही. दूर बसलेल्या माणसाची ओळख खात्रीने पटवण्याची साधनं गेली वीस वर्षं उपलब्ध आहेत. घोडं अडतं ते जबाबदारीपाशी. एका देशाच्या यंत्रणेने पटवलेली ओळख दुसऱ्या देशातल्या बँकेने मान्य केली आणि ती खोटी निघाली, तर दंड कोणी भरायचा?

बँकांपुरतं या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. काळ्या पैशाची धुलाई रोखण्यासाठी १९८९ मध्ये जी-७ देशांनी पॅरिसच्या शिखर परिषदेत एफएटीएफ ही संस्था स्थापन केली. तिच्या चाळीस शिफारशी आज बहुतेक देशांच्या बँकिंग कायद्यांचा पाया आहेत. आपल्याकडचा २००२ चा पीएमएलए कायदा आणि त्याखालचे केवायसीचे नियम याच कुळातले. दहावी शिफारस सांगते की ग्राहकाची ओळख विश्वासार्ह आणि स्वतंत्र पुराव्यावरून पटवा. सतरावी सांगते की पडताळणीसाठी दुसऱ्या संस्थेवर विसंबायला हरकत नाही, मात्र अंतिम जबाबदारी विसंबणाऱ्याचीच. एखाद्या बँकेच्या कायदा विभागातल्या माणसाने ही दोन कलमं शेजारी ठेवून वाचली, की तो काय सल्ला देईल हे उघड आहे: परदेशी यंत्रणेचा हिरवा टिक मिळाला तरी आपली झेरॉक्स आपल्या फायलीत हवी. मार्च २०२० मध्ये एफएटीएफने डिजिटल ओळखीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. भरवशाची डिजिटल यंत्रणा वापरलेली असेल तर ग्राहक समोर नसतानाचा व्यवहार सरसकट जास्त जोखमीचा मानण्याचं कारण नाही, असं तिने स्पष्ट म्हटलं. तरीही बँका बिचकतात, कारण मार्गदर्शिका वाचून कोणी दंड माफ करत नाही.

भारतापुरतं बोलायचं तर इथल्या ऑनलाइन बँकिंगमध्ये माणसाची ओळख प्रत्यक्षात एका नखाएवढ्या वस्तूवर उभी आहे, ती म्हणजे सिमकार्ड. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांना दुसऱ्या घटकाची पडताळणी सक्तीची केली. तो दुसरा घटक व्यवहारात एसएमएसने येणारा ओटीपी ठरला. देशात राहणाऱ्यांसाठी ही सोय उत्तम चालली, आणि तिने कार्डाची फसवणूक आटोक्यात ठेवायला मदत केली हे नाकारता येणार नाही. पुढे यूपीआयने पाऊल आणखी पुढे टाकलं. अ‍ॅप सुरू करताना फोनमधूनच बँकेकडे एसएमएस जातो आणि तो नंबर, ते सिम व तो फोन एकत्र बांधले जातात.

देश सोडणारा माणूस मात्र पहिल्यांदा नंबर बदलतो. मग परदेशातल्या मराठी घरांमध्ये एक जुना हँडसेट ड्रॉवरमध्ये चार्जिंगला लावलेला सापडतो. त्यात भारताचं सिम रोमिंगवर जिवंत ठेवलेलं असतं आणि ते मरू नये म्हणून भारतातला भाऊ आठवणीने रिचार्ज मारत असतो. काही जण सिम आईवडिलांकडेच ठेवून जातात. मग रात्री अकरा वाजता व्हिडिओ कॉलवर सत्तरीतले बाबा चष्मा लावून सहा आकडे वाचून दाखवतात. ओटीपी कोणालाही सांगू नका, हा बँकेचा संदेश त्याच एसएमएसमध्ये वर छापलेला असतो! नियम मोडल्याशिवाय पाळता येत नाही अशी व्यवस्था उभी केली, की प्रामाणिक माणूसही ती वाकवायला शिकतो. फसवणूक करणाऱ्यांना असेच सराव झालेले ग्राहक हवे असतात.

सिम मेलं तर प्रकरण आणखी बिघडतं. बंद पडलेला नंबर किमान नव्वद दिवस दुसऱ्याला दिला जात नाही, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. त्यानंतर तो देता येतो. म्हणजे ज्या नंबरावर तुमच्या मुदतठेवीचे ओटीपी येत होते, तो उद्या सोलापूरच्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या खिशात असू शकतो. सिम-स्वॅपचा धोका याहून जुना. दुकानदाराला भुलवून तुमच्याच नावाचं नवं सिम काढायचं आणि खातं रिकामं करायचं, हा धंदा जगभर चालतो. सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येणार नाही, हा नियम १ जुलै २०२४ पासून त्यासाठीच आला. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने तर २०१७ मध्येच एसएमएसवरच्या पडताळणीला ‘मर्यादित’ श्रेणीत टाकलं होतं.

थोडी ढील मिळू लागली आहे. १० जानेवारी २०२३ च्या परिपत्रकाने यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने दहा देशांच्या मोबाइल नंबरांना यूपीआयची दारं उघडली: सिंगापूर, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि ब्रिटन. एनआरई किंवा एनआरओ हे अनिवासींचं खातं त्या नंबराशी जोडलेलं असलं म्हणजे झालं. कुवेत, बहारीन आणि जर्मनी या पहिल्या यादीत नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पडताळणीचे नवे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या या निर्देशांत एसएमएस हा एकमेव मार्ग मानलेला नाही. फोनमधली किल्ली, बोटाचा ठसा, अ‍ॅपमधली मंजुरी हे पर्यायही बँकांना मोकळे आहेत. त्या किती तत्परतेने ते वापरतील, याबद्दल मी फारसा आशावादी नाही. ओटीपीची सवय ग्राहकांपेक्षा बँकांना जास्त आहे.

सिमच्या मागे आधार उभं आहे. देशांतर्गत खातं उघडण्याचा खर्च आणि वेळ आधारने किती कमी केला हे वेगळं सांगायला नको. पण कायद्याने ते रहिवाशाचं ओळखपत्र आहे, नागरिकाचं नव्हे. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्याला ते मिळतं, मग तो कुठल्याही देशाचा असो. त्यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. पुण्यात नोकरीला आलेला कोरियन इंजिनिअर आधारला पात्र ठरत होता आणि पंधरा वर्षं दुबईत राहणारा, खिशात भारतीय पासपोर्ट असलेला साताऱ्याचा माणूस ठरत नव्हता. २०१९ च्या अर्थसंकल्पी भाषणात निर्मला सीतारामन यांनी अनिवासी भारतीयांसाठी ही अट काढण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याच वर्षी ती निघाली. तरी आधार केंद्र गाठायला भारतातच यावं लागतं, आणि आधारचा ओटीपी परदेशी नंबरावर जात नाही. फिरून गाडी सिमपाशी.

पॅनचं प्रकरणही असंच. पॅन आधारशी जोडण्याची मुदत ३० जून २०२३ ला संपली. अनिवासींना जोडणी माफ होती, पण आपण अनिवासी आहोत हे त्यांनी प्राप्तिकर खात्याला कळवलेलं असणं गरजेचं होतं. कित्येकांनी ते कळवलंच नव्हतं. जुलैमध्ये त्यांचे पॅन निष्क्रिय दिसू लागले आणि खात्याला खुलासा काढावा लागला.

कोविडच्या तोंडावर, ९ जानेवारी २०२० रोजी, रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून केवायसी करायला परवानगी दिली. बँकेचा कर्मचारी कॅमेऱ्यातून चेहरा आणि पॅनकार्ड पाहतो, दोनचार प्रश्न विचारतो, खातं उघडतं. ही सोय परदेशातल्यांना सगळ्यांत जास्त उपयोगाची, असं कोणालाही वाटेल. नियमात मात्र ग्राहक प्रत्यक्ष भारतात आहे याची खात्री करण्यासाठी त्याचं ठिकाण नोंदवण्याची अट होती. २०२१ च्या सुधारणेत तर भारताबाहेरच्या आयपी पत्त्यावरून येणारी जोडणी रोखण्याची क्षमता यंत्रणेत असली पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं गेलं. शाखेपासून शंभर मीटरवर राहणाऱ्याला व्हिडिओ कॉल आणि ह्यूस्टनवाल्याला नोटरी, असा हा न्याय.

या सगळ्यात यंत्राला न उमगणारी एक गोष्ट असते: नाव. मराठी माणसाचं नाव तीन पदरी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. पासपोर्टात पहिले दोन ‘गिव्हन नेम’मध्ये एकत्र जातात. जर्मनीतला कारकून ते सगळं पहिलं नाव समजून टंकतो, अमेरिकेतलं सॉफ्टवेअर वडिलांच्या नावाचं एक अक्षर करून टाकतं, आणि भारतातल्या बँकेत शाळेच्या दाखल्यावरून आडनाव आधी लिहिलेलं असतं. एकाच माणसाची तीन देशांत तीन नावं. बायकांच्या बाबतीत हा गुंता दुप्पट. लग्नात तांदळात लिहिलेलं नवं नाव काही घरांत कागदोपत्रीही उतरलं. माहेरच्या नावाने पोस्टात बचत खातं, सासरच्या नावाने पासपोर्ट. रिझर्व्ह बँकेचे केवायसी नियम विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद जोडून असा बदल मान्य करतात. माणूस समोर बसलेला असतो तेव्हा हे समजावता येतं. अ‍ॅपमध्ये समजावणार कोणाला?

जन्मतारखेची गंमत महाराष्ट्राला नवी नाही. साठ-सत्तर वर्षांच्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण गुरुजींनी शाळेत नाव घालताना तीच तारीख टाकली. घरात हसण्यावारी जाणारी ही गोष्ट बँकेच्या छाननीत जड जाते. संशयितांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांशी नावं ताडून पाहणारं सॉफ्टवेअर सारखं नाव दिसलं की जन्मतारखेवरून माणूस वेगळा काढतं. तारीखच लाखोंची एक असेल, तर ती कसोटी बोथट होते.

गोव्यात याहून जुना पेच आहे. पोर्तुगीज कायद्यानुसार १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात जन्म नोंदवून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवू शकतात. हजारो गोवेकरांनी ते घेतलं आणि युरोपीय संघाच्या मोकळ्या दारातून ब्रिटन गाठलं. स्विंडन शहरात तर गोवेकरांची मोठी वसाहत झाली. जुन्या पोर्तुगीज दप्तरात नाईक हे ‘नायके’ वाचावं अशा स्पेलिंगने, कामत हे ‘कामोतीम’ आणि शेणवी ‘सिनाय’ म्हणून उतरलेले आहेत. १९६१ नंतरच्या शाळेच्या दाखल्यावर इंग्रजी वळणाची स्पेलिंगं आली. लिस्बनची नोंद आधीच्या पिढीच्या कागदावर बेतलेली असली, की बापलेकांची आडनावं वेगळी दिसतात. त्यात भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. त्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करायचा, परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांसाठीचं ओसीआय कार्ड घ्यायचं, गोव्यातलं बचत खातं एनआरओ करून घ्यायचं आणि तिन्हीकडे नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं.

याच मंडळींनी मात्र सीमेपलीकडची डिजिटल ओळख चालताना पाहिली आहे. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनने युरोपीय नागरिकांसाठी काढलेल्या वसाहत योजनेत अर्ज फोनवरून करता येत होता. अ‍ॅप पासपोर्टातली चिप वाचायचं, चेहरा त्यातल्या फोटोशी जुळवायचं, आणि राहण्याचा हक्क मिळाला की हातात कुठलंही कार्ड यायचं नाही. सरकारी संकेतस्थळावरून एक तात्पुरता कोड काढून मालकाला किंवा घरमालकाला द्यायचा. स्विंडनच्या गोदामात काम करणाऱ्या गोवेकराने लिस्बनहून मिळालेल्या पासपोर्टावर लंडनच्या सरकारला आपली ओळख पटवली, तीही नोटरीशिवाय. मग बँकांना हे का जमू नये?

या प्रश्नाचं सर्वांत बोलकं उत्तर एस्टोनियात मिळतं. सुमारे तेरा लाख लोकसंख्येच्या या देशाने २००२ मध्ये चिपचं ओळखपत्र आणलं. त्याचं प्रमाणन करणारी कंपनी दोन बँका आणि दोन दूरसंचार कंपन्यांनी मिळून उभी केली होती. म्हणजे बँका पहिल्या दिवसापासून भागीदार होत्या. त्यामुळे लोकांना त्या कार्डाची सवय लागली ती कर भरताना लागली त्याहून जास्त बँकेत लॉगिन करताना. १ डिसेंबर २०१४ रोजी एस्टोनियाने जगातल्या कोणालाही ‘ई-रहिवासी’ होण्याचं आमंत्रण दिलं. पहिलं कार्ड ब्रिटिश पत्रकार एडवर्ड लुकास यांना मिळालं. पोलिस छाननी, वकिलातीत बोटांचे ठसे, आणि मग सरकारी प्रतिष्ठेचं कार्ड. त्यावर तुम्ही कंपनी काढा, करारावर सही करा. आजवर एक लाखाहून जास्त लोकांनी ते घेतलं, त्यात भारतीयही आहेत.

मग ई-रहिवासी बँकेत खातं उघडायला गेले आणि थबकले. बँकांनी नकार द्यायला सुरुवात केली. समोर न येता खातं उघडण्याची वाट सरकारने कायद्यात करून दिली, तरी बँका फारशा सरकल्या नाहीत. कारण शेजारीच एक स्फोट झाला होता. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या टालिन शाखेतून २००७ ते २०१५ या काळात अनिवासी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद असल्याचं उघड झालं. हॉवर्ड विल्किन्सन या तिथल्याच अधिकाऱ्याने आत धोक्याची घंटा वाजवली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये मुख्याधिकारी थॉमस बोर्गन यांनी राजीनामा दिला, २०१९ मध्ये एस्टोनियाच्या नियामकाने शाखा बंद करायला लावली आणि डिसेंबर २०२२ मध्ये बँकेने अमेरिकेत गुन्हा कबूल करून सुमारे दोन अब्ज डॉलर मोजायचं मान्य केलं. या प्रकरणाचा ई-रहिवासी योजनेशी संबंध नव्हता. पण ‘परदेशी ग्राहक’ म्हटलं की एस्टोनियातल्या बँकेच्या अंगावर काटा येऊ लागला.

मला यातला धडा फार महत्त्वाचा वाटतो. टालिन शाखेतल्या अनेक खात्यांमागे कागदोपत्री नीट नोंदलेल्या कंपन्या होत्या. बँकेला कळत नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं ते हे, की या कंपन्यांचा खरा मालक कोण आणि पैसा येतो कुठून. समोरचा माणूस कोण हे कार्ड सांगतं. तो काय करतो आणि हा पैसा कशाचा, हे कार्डावर लिहिलेलं नसतं. सरकारी डिजिटल ओळख कितीही पक्की केली, तरी केवायसीचं निम्मं काम शिल्लक राहतं, आणि ते निम्मं परदेशी ग्राहकाच्या बाबतीत महागडं असतं. मग बँक हिशेब करते: या खात्यातून मिळणार किती, आणि चौकशीला लागणार किती. ई-रहिवाशांनी अखेर एस्टोनियाबाहेरच्या फिनटेक कंपन्यांकडे खाती उघडली. देशाने दिलेली ओळख देशातल्याच बँकांत अपुरी पडावी, हा तिचा पराभवच.

कार्डही अभेद्य नव्हतं. २०१७ मध्ये झेक प्रजासत्ताकातल्या ब्रनोच्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी चिपमधल्या किल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत खोट शोधली. एस्टोनियाची सुमारे साडेसात लाख कार्डं त्या कचाट्यात होती. ३ नोव्हेंबरच्या रात्री सरकारने त्यांची प्रमाणपत्रं स्थगित केली आणि बहुतेकांना ती घरबसल्या नव्याने घेता आली. एस्टोनियाने सगळं लोकांपुढे ठेवलं, दडपलं नाही. हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं.

स्वीडनने उलटा मार्ग धरला. २००३ पासून तिथे बँकांनीच मिळून बँकआयडी चालवली आणि सरकार तिचं गिऱ्हाईक झालं. आज कर, दवाखाना, पार्सल, सगळं तिच्यावर चालतं. तिथे नव्याने गेलेल्या माणसाचं मात्र ‘लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही’ असं होतं. बँकआयडीला व्यक्तिक्रमांक आणि बँक खातं लागतं, व्यक्तिक्रमांकासाठी वर्षभर राहण्याचा इरादा दाखवावा लागतो, आणि मधल्या काळात साधं फोनचं कनेक्शनही बँकआयडी मागतं. शेजारच्या नॉर्वेतही बँकआयडी याच नावाची यंत्रणा आहे. दोघी एकमेकींना ओळखत नाहीत!

जर्मनीत २०१४ पासून व्हिडिओवरून ओळख पटवता येते. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅओस काँप्युटर क्लब या हॅकरांच्या संघटनेच्या मंडळींनी मोफत सॉफ्टवेअर आणि थोडा जलरंग एवढ्यावर या व्हिडिओ पडताळणीला चकवून दाखवलं. आरोग्यसेवेत ती लगोलग थांबवली गेली, बँकांत चालू राहिली. तिथे गेलेल्या आपल्या इंजिनिअरांना ही व्हिडिओची सोय बहुधा उपयोगी पडली नाही, कारण काही बँकांच्या मान्य कागदपत्रांच्या यादीत भारतीय पासपोर्ट बसत नसे. मग पोस्टाच्या खिडकीवर जाऊन पासपोर्ट दाखवायचा. खरं सांगायचं तर जर्मन पोस्टाची ही खिडकी व्हिडिओपेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

युरोपीय संघाने २०१४ च्या आयडास नियमाने देशोदेशीच्या ओळखी परस्परांना मान्य करायला लावल्या. २९ सप्टेंबर २०१८ पासून ते बंधनकारक झालं, पण फक्त सरकारी सेवांना. बँका सुटल्या. सीमेपलीकडच्या व्यवहारात ओळख चुकीची निघाली तर ती देणाऱ्या देशाची जबाबदारी, असं या नियमात लिहिलेलं आहे. माझ्या मते हीच त्यातली सर्वांत मोलाची ओळ, आणि नेमकी तीच बँकांपर्यंत पोहोचली नव्हती. मे २०२४ मध्ये लागू झालेल्या सुधारित नियमाने ती उणीव भरून काढायला घेतली आहे. २०२६ अखेर प्रत्येक सदस्य देशाने नागरिकांना डिजिटल पाकीट द्यायचं, आणि त्यानंतर साधारण वर्षभरात बँकांनी ते स्वीकारायचं. काळ्या पैशाविरुद्धचा सगळ्या संघाला एकच लागू होणारा नियम १० जुलै २०२७ पासून अमलात येतो, आणि त्यात अशी डिजिटल ओळख पडताळणीचं अधिकृत साधन मानली आहे. फ्रँकफर्टमध्ये त्यासाठी नवं प्राधिकरण बसलं आहे. ओळखीचा कायदा आणि बँकेचा कायदा प्रथमच एकमेकांकडे बोट दाखवायचं सोडून एका कागदावर येत आहेत.

या पाकिटाची आणखी एक बाजू आवडण्यासारखी आहे. मागितलं तेवढंच दाखवायचं, ही त्यातली कल्पना. वय अठराच्या वर आहे का, एवढं विचारलं तर जन्मतारीखही देऊ नये. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि २०१८ च्या आधार निकालाने खासगी कंपन्यांना आधार मागण्याचा सरसकट अधिकार नाकारला; २०१९ च्या दुरुस्तीने ग्राहकाच्या मर्जीवर तो बँकांसाठी परत आला. ती मर्जी किती खरी, हे खातं उघडायला गेलेल्या कोणालाही विचारावं. परदेशस्थाच्या बाबतीत माहिती आणखी लांब जाते. अमेरिकेचा ‘फॅटका’ कायदा आणि ओईसीडीचं सीआरएस मानक यांच्याखाली खात्यातली शिल्लक देशोदेशीच्या करखात्यांकडे आपोआप पोहोचते. माणसाची ओळख सीमेवर अडली, तरी त्याच्या खात्याची माहिती अडत नाही.

जगभर खरोखर चालणारं ओळखपत्र एकच आहे, पासपोर्ट. त्यातल्या चिपवर देशाची डिजिटल सही असते आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवलेल्या मानकामुळे ती कुठल्याही देशात तपासता येते. फोन ती वाचू शकतो. नोटरीच्या शिक्क्यापेक्षा ही सही खोटी करणं कितीतरी कठीण. १ एप्रिल २०२४ पासून भारतानेही चिपचे पासपोर्ट द्यायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यातल्या शहरांत नागपूर होतं, गोवाही होतं, आणि पासपोर्टाच्या या वह्या छापल्या जातात नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. स्विंडनच्या गोवेकराने जे पोर्तुगीज चिपवर केलं, ते कुवेतमधल्या रत्नागिरीकराला भारतीय चिपवर करता येण्यात तांत्रिक अडचण उरलेली नाही. पैसा कुठून आला ही चौकशी तरीही करावी लागेल, पण निदान झेरॉक्सवर सही जुळते का ते भिंगातून पाहण्यात जाणारा बँकेचा वेळ तिकडे वळवता येईल.

त्यासाठी व्हिडिओ केवायसीतली भारताबाहेरच्या जोडणीची अट काही ठरावीक देशांपुरती सैल करावी लागेल, चिपवरून केलेली पडताळणी साक्षांकित प्रतीच्या बरोबरीची मानावी लागेल, आणि अशा पडताळणीनंतर फसवणूक झाली तर बँकेने किती आणि सरकारने किती सोसायचं हे लिहून काढावं लागेल. पहिली दोन कामं रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाची आहेत. तिसऱ्यासाठी पासपोर्ट देणारं परराष्ट्र मंत्रालय, आधार चालवणारं यूआयडीएआय आणि बँकांचा नियामक यांना एका टेबलाशी बसावं लागेल, आणि या तिघांच्या हद्दींच्या मधली ती जागा आज कोणाच्याच ताब्यात नाही.